ढोबळी मिरचीच्या घरातली हवा

शाळेत हरितगृहाबद्दल एक वाक्य शिकवलं जातं: ऊन काचेतून आत येतं, त्याची उष्णता होते आणि ती उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. वाक्य खोटं नाही, पण मुख्य गोष्ट त्यात येतच नाही. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दोन सारखी खोकी घेतली. एकावर काचेचं झाकण बसवलं, दुसऱ्यावर खनिज मिठाच्या पारदर्शक पट्टीचं. तापलेल्या वस्तूतून निघणारे अवरक्त किरण काच अडवते, मीठ अडवत नाही. पाठ्यपुस्तकातलं वाक्य पुरेसं असतं, तर मिठाचं खोकं बरंच थंड राहायला हवं होतं. ऊन आधी काचेतून गाळून घेतल्यावर दोन्ही खोकी ५५ अंशांच्या आसपास तापली आणि फरक पडला जेमतेम एका अंशाचा. कारण सोपं आहे. तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. झाकण कशाचंही असो, ते ही ये-जा थांबवतं. किरण अडवण्याचाही वाटा असतो, पण तो लहान असतो.

आपल्याकडच्या पॉलिहाऊसला हे आणखी लागू पडतं. त्यावरचा पॉलिथिनचा कागद साधारण २०० मायक्रॉन जाडीचा असतो. खास रसायनं न घातलेलं पॉलिथिन अवरक्त किरणांना बऱ्यापैकी मोकळी वाट देतं, आणि तरीही एप्रिलच्या दुपारी बंद पॉलिहाऊसमध्ये उभं राहवत नाही. अडकलेली असते ती हवा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या गोष्टी उलगडत जातात. छपराला फट का ठेवतात, जाळी किती बारीक घ्यायची, सकाळी पडदे कधी उघडायचे आणि फळाच्या टोकाला काळा डाग का पडतो, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं हवेपाशी येतात.

काचेऐवजी प्लास्टिक वापरायची कल्पना अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्ट यांनी १९४८ मध्ये प्रत्यक्षात आणली. पैसे कमी म्हणून त्यांनी लाकडी सांगाड्यावर प्लास्टिक ताणलं. आज स्पेनमधल्या अल्मेरियात समुद्रकिनाऱ्यालगत हजारो हेक्टरवर असं प्लास्टिक पसरलेलं आहे. आपल्याकडे मावळात, तळेगाव दाभाड्याच्या परिसरात, पॉलिहाऊस आधी गुलाब आणि जरबेरासाठी उभी राहिली. नंतर पुणे, सातारा, नाशिक भागात लाल-पिवळ्या ढोबळी मिरचीसाठी बांधली गेली. लडाखमध्ये हरितगृह ऊब साठवायला बांधतात, म्हणून तिथे ते जमिनीत खड्डा खणून करतात. आपला प्रश्न नेमका उलटा आहे. इथे ऊब मिळतेच, ती काढून टाकायची कशी हे शिकावं लागतं.

म्हणून आपलं नैसर्गिक वायुवीजनाचं पॉलिहाऊस उंच असतं. गटरपाशी, म्हणजे छपराच्या कडेच्या पन्हळीपाशी, ४ ते ४.५ मीटर आणि माथ्याशी ६ ते ६.५ मीटर. माथ्यालगत जवळपास मीटरभर रुंदीची फट कायम उघडी ठेवतात, तिला टॉप व्हेंट म्हणतात. गरम हवा तिथून निसटते आणि बाजूच्या पडद्यांखालून बाहेरची हवा आत ओढली जाते. खालची वाट आणि वरची वाट यांच्यात उंचीचा फरक जितका जास्त, तितका हा ओढा जोरकस. बुटकं पॉलिहाऊस स्वस्तात होतं, पण त्याची किंमत पुढे दर उन्हाळ्यात मोजावी लागते. पैसे वाचवायचेच असतील तर क्षेत्र कमी करावं, उंची कमी करू नये.

टॉप व्हेंटचं तोंड पूर्वेकडे ठेवतात. महाराष्ट्रात पावसाळ्यातला जोराचा वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. तोंड त्याच्याकडे असेल तर पाऊस आत येतो आणि वारा कागदाखाली शिरून तो उचलतो. तोंड पाठमोरं असलं की माथ्यावरून जाणारा वारा फटीपाशी दाब कमी करतो आणि आतली हवा बाहेर खेचतो. गटरं दक्षिणोत्तर ठेवण्यामागेही विचार आहे. गटराची सावली दिवसभरात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाते, त्यामुळे कोणत्याही एका ओळीच्या डोक्यावर ती दिवसभर बसत नाही.

आता बाजूची जाळी बघा. सर्वसाधारणपणे ४० मेशची जाळी लावतात, म्हणजे एका इंचात ४० धागे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला ४० ने भागलं की ०.६३ येतं. त्यातून धाग्याची जाडी वजा केली की भोक उरतं ०.४ मिलिमीटरच्या आसपास. पांढरी माशी अडवायला भोक ०.४६ मिलिमीटरपेक्षा लहान लागतं, म्हणजे ती बाहेर राहते. फुलकिडा मात्र ०.२ मिलिमीटरच्या भोकातूनही आत शिरू शकतो. मग जाळी आणखी बारीक का घेऊ नये? घेता येते, पण मग हवाही तितकीच अडते आणि आत तापमान चढतं. फुलकिडे कोरड्या, गरम हवेत झपाट्याने वाढतात, म्हणजे जी कीड रोखायची तिलाच आतलं हवामान मानवतं. बहुतेक अनुभवी उत्पादक ४० मेशवर थांबतात. आत शिरायला दोन दारं एकामागे एक ठेवतात, आणि फुलकिड्यांसाठी निळे, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे शेंड्यांच्या पातळीवर टांगतात. सापळ्यांनी कीड संपत नाही. आठवड्याला सापळ्यावरचे किडे मोजले की ती वाढतेय की घटतेय हे कळतं, आणि फवारणीचा निर्णय आकड्यावर घेता येतो.

उष्णता काढायचा दुसरा मार्ग पाण्याच्या बाष्पीभवनाचा, आणि त्याचं गणित वहीवर करून बघण्यासारखं आहे. १० गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. भर दुपारी आत पोचणारं ऊन दर चौरस मीटरला ६०० वॉट धरू, म्हणजे एकूण ६०० किलोवॉट. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० किलोज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं मिनिटाला जवळपास १५ लिटर. एवढं पाणी सतत हवेत गेलं तरच ती सगळी उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने शोषली जाईल. वाढलेलं पीक दिवसाला चौरस मीटरमागे ३ लिटर पाणी पानांतून सोडत असेल, तर आठ तासांच्या उन्हात ते मिनिटाला ६ लिटरच्या वर भरतं. जवळपास निम्मं काम रोपंच करतात. त्यामुळे पिकाने भरलेलं पॉलिहाऊस रिकाम्यापेक्षा थंड असतं. भर उन्हाळ्यात लावलेली कोवळी रोपं होरपळतात त्याचंही हेच कारण. त्या वयात त्यांच्याकडे पानंच पुरेशी नसतात.

राहिलेल्या निम्म्यासाठी धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारे फॉगर आहेत, पण ते सगळीकडे सारखे चालत नाहीत. एप्रिलमध्ये पुण्याकडे हवा ३८ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल तर बाष्पीभवनाने ती २१ अंशांपर्यंत खाली येऊ शकते, निदान कागदावर. कोकणात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना हीच मर्यादा २८ अंशांची आहे. तिथे फॉगर लावला तर थंडावा थोडा आणि पानं ओली, म्हणजे रोगाला आमंत्रण. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातलं यशस्वी पॉलिहाऊस पाहून आपल्याकडे जसंच्या तसं उभं करू नये.

आतली सावलीची जाळी दुपारी ओढतात तेव्हा ऊन कमी होतं, पण अन्न तयार करणारा प्रकाशही कमी होतो. ती दिवसभर ओढून ठेवली तर रोपं उंच, किरकोळ होतात आणि फुलं कमी लागतात. कडक ऊन सरलं की ती गोळा करायलाच हवी. अल्मेरियातले शेतकरी उन्हाळ्यात छपरालाच पांढरा लेप देतात आणि ऊन कमी झालं की धुऊन टाकतात.

आता मुख्य विषयाकडे येऊ. हवेत किती टक्के आर्द्रता आहे एवढ्यावरून रोपाला काय वाटतंय ते कळत नाही. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. २० अंशांना संपृक्त, म्हणजे वाफेने पूर्ण भरलेल्या, हवेतल्या वाफेचा दाब २.३४ किलोपास्कल असतो, ३५ अंशांना ५.६३. आर्द्रता दोन्ही वेळी ६० टक्केच असली, तरी पहिल्या हवेत अजून ०.९४ किलोपास्कलची जागा रिकामी आहे आणि दुसरीत २.२५ ची. ही रिकामी जागाच पानातलं पाणी ओढते. जाणकार उत्पादक तिला व्हीपीडी, म्हणजे वाफेच्या दाबाची तूट, म्हणतात. ढोबळी मिरचीला ती ०.५ ते १.२ च्या दरम्यान मानवते. नाशिककडे मार्चच्या दुपारी ३५ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असताना ती ३.९ वर जाते. तेव्हा पान पाण्याची उधळण थांबवायला पर्णरंध्रं, म्हणजे आपली बारीक छिद्रं, मिटून घेतं, आणि त्याच रंध्रांतून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही बंद होतो. ऊन भरपूर, पाणी भरपूर, तरी वाढ थांबलेली. याउलट पावसाळी पहाटे २२ अंश आणि ९५ टक्के आर्द्रतेला तूट जेमतेम ०.१३ असते, म्हणजे ओढ जवळपास नाहीच.

हे मोजायला महाग यंत्र लागत नाही. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती पातळ सुती कापड गुंडाळा आणि कापडाचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. दोन्ही पिकाच्या उंचीवर, सावलीत टांगा आणि वाचन घेण्याआधी मिनिटभर पुठ्ठ्याने वारा घाला. कोरडा तापमापक २५ आणि ओला २१ दाखवत असेल तर तूट ०.९ च्या आसपास, म्हणजे पीक मजेत आहे. ३५ आणि २२ दिसलं तर ती ३.८ वर गेलेली असते आणि फॉगर किंवा सावलीची वेळ झालेली असते. पाणी शक्यतो पावसाचं किंवा फिल्टरचं घ्या, नाहीतर कापडावर क्षार बसतात आणि आकडा चुकत जातो. दिवसातून तीनदा हे दोन आकडे वहीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पॉलिहाऊस महिनाभरात समजू लागतं असं मला मनापासून वाटतं.

या ओढीचा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात त्रासदायक परिणाम फळाच्या टोकाशी दिसतो. ढोबळी मिरचीच्या किंवा टोमॅटोच्या तळाकडे तपकिरी, खोलगट, चामड्यासारखा डाग पडतो. तिथल्या पेशींना कॅल्शियम कमी पडलेलं असतं. शेतकरी लगेच जमिनीत कॅल्शियम वाढवतो, आणि बहुतेक वेळा जमिनीत ते आधीच पुरेसं असतं. अडचण वाहतुकीची असते. कॅल्शियम जलवाहिन्यांतून पाण्याबरोबरच चढतं, आणि विहिरीतून दोर ओढावा तसं हे पाणी पानं वरून ओढत असतात. मिरचीच्या मेणचट सालीतून पाणी फारसं उडत नाही, म्हणून फळाची ओढ नगण्य असते. दुपारी तूट वाढली की सगळं पाणी, आणि त्यातलं कॅल्शियम, पानांकडे जातं. एकदा पानात गेलेलं कॅल्शियम तिथून हलत नाही. पोटॅश किंवा नत्र जसं जुन्या पानातून नव्या भागात सरकतं, तसं ते सरकत नाही.

फळाची पाळी येते रात्री. पानांची ओढ थांबलेली असते, मुळं पाणी आत घेतच असतात आणि त्यांच्या दाबाने ते फळापर्यंतही पोचतं. म्हणून दुपार फार कोरडी होऊ न देणं, मातीत ओल एकसारखी ठेवणं, खतांचं पाणी फार खारट न करणं आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र आणि पोटॅश बेताने देणं, हे खरे उपाय. पानांवर फवारलेलं कॅल्शियम पानांतच राहतं. फवारायचंच असेल तर ते कोवळ्या फळांवर पडलं पाहिजे. आणि फळाच्या उन्हाकडच्या बाजूला, तळाला नव्हे, पांढरट पापुद्र्यासारखा चट्टा दिसला तर तो उन्हाचा चटका आहे. त्याला कॅल्शियमचा काही उपयोग नाही. तिथे वरचं पान खुडायला नको होतं.

कॅल्शियमची अजून एक खोड आहे. एका ग्लासात १०० मिली पाणी घेऊन त्यात मोठा चमचाभर कॅल्शियम नायट्रेट विरघळवा, दुसऱ्यात तेवढंच मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही द्रावणं स्वच्छ दिसतील. आता एकात दुसरं ओता. पांढरा गाळ तयार होतो, तो जिप्समचा. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, त्यामुळे दाट द्रावणात ते खाली बसणारच. फॉस्फेटबरोबरही कॅल्शियमचा असाच गाळ होतो. हे ठिबकच्या टाकीत घडलं की ड्रिपर चोंदतात, आणि चोंदलेला ड्रिपर रोप सुकेपर्यंत लक्षात येत नाही. म्हणून दोन टाक्या ठेवतात: ए टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोहाचं चिलेट (पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह), बी टाकीत सल्फेट, फॉस्फेट आणि इतर सूक्ष्म अन्नद्रव्यं. ती वेगवेगळ्या वेळी किंवा भरपूर पातळ करूनच नळीत सोडतात. दख्खनच्या विहिरींचं पाणी बहुधा जड असतं. त्यातले बायकार्बोनेट ड्रिपरच्या तोंडाशी चुन्यासारखे जमतात, म्हणून अधूनमधून आम्लाने नळ्या धुवाव्या लागतात. विद्यार्थ्यांनी हे काम कधीही एकट्याने करू नये. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

पाण्याचा सामू (पीएच) ६ च्या आसपास आणि ईसी, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणारी विद्युतवाहकता, १.२ ते १.८ दरम्यान ठेवली की पीक सहसा कुरकुरत नाही. पाणी हिवाळ्यात चौरस मीटरला दिवसाला २ लिटर, उन्हाळ्यात ४ लिटरपर्यंत, आणि तेही एका दमात न देता दोन-तीन हप्त्यांत.

रात्र आणि सकाळ ही पॉलिहाऊसची दुर्लक्षित वेळ. निरभ्र हिवाळी रात्री अवरक्त किरण साध्या कागदातून आकाशाकडे निसटतात आणि बंद पॉलिहाऊसमध्ये कधीकधी बाहेरपेक्षाही जास्त गारठा असतो. पडदे लावले म्हणजे ऊब टिकली, हा समज त्यामुळे धोक्याचा. रात्री १५ अंशांच्या खाली पारा गेला की परागकण नीट बनत नाहीत आणि बिया नसलेली, चपटी, लहान फळं लागतात. याउलट दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा असला की फुलगळ होते. पहाटे कागदाच्या आतल्या बाजूला दव साठतं आणि थेंब पानांवर पडतात. काकडीवर केवडा आणि टोमॅटोवर करपा हे रोग याच ओल्या तासांत बस्तान बसवतात. मिरचीवरच्या भुरी रोगाला मात्र ओलं पान लागत नाही, दमट हवाच पुरते.

थंडी आहे म्हणून सकाळी नऊ-दहापर्यंत पडदे बंद ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा, आणि दव हे त्याचं एकच कारण नाही. १० गुंठ्यांच्या, सरासरी ५ मीटर उंचीच्या पॉलिहाऊसमध्ये ५,००० घनमीटर हवा असते. तिच्यात ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) प्रमाणे कार्बन डायऑक्साइड भरतो पावणेचार किलोच्या आसपास. भरगच्च पीक चांगल्या उन्हात तासाला चौरस मीटरमागे ३ ग्रॅम घेतं, म्हणजे सगळं मिळून ३ किलो. घर पूर्ण बंद असेल तर तासाभरातच पिकाची उपासमार सुरू होते, मग ऊन आणि खत कितीही असो. नेदरलँड्समधले उत्पादक बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड स्वच्छ करून आत सोडतात, कारण तिथे थंडीत घर बंदच ठेवावं लागतं. आपल्याला फक्त ऊन कागदावर आलं की पडदा वर घ्यायचा आहे.

लागवडीचं थोडक्यात सांगतो. काळ्या मातीत पाणी साचतं आणि मुळं गुदमरतात, म्हणून निचऱ्याची लाल माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळून ९० ते १०० सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर उंच गादीवाफे करतात. मधली वाट अर्धा मीटर. प्रोट्रेमध्ये (खाचांच्या ट्रेमध्ये) कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर, वाढवलेली ३० ते ३५ दिवसांची रोपं दोन ओळींत, तिरकस, ४५ सेंटिमीटरवर लावतात. १० गुंठ्यांत अशी अडीच हजारांच्या आसपास रोपं बसतात. खोडाला पहिले फाटे फुटतात तिथलं पहिलं फूल काढून टाकायचं. ते ठेवलं तर रोप लहानपणीच एका फळामागे लागतं आणि पुढची वाढ खुंटते. मग दोन किंवा चार जोमदार फांद्या राखून प्रत्येकीला दोरीने वरच्या तारेवर चढवतात आणि बाजूच्या फुटी दर आठवड्याला खुडतात. उशिरा खुडलेली फूट जाड झालेली असते, तिची जखम मोठी राहते आणि तिथून बुरशी शिरते. हिरवं फळ दोन महिन्यांत तोडता येतं, लाल-पिवळं व्हायला अजून दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा काळ फळ झाडावर अडून राहतं आणि वरची फळधारणा मंदावते. रंगीत मिरची महाग असण्याचं एक कारण हेही.

परागीभवनासाठी मिरचीला मधमाशीची वाट पाहावी लागत नाही. तिचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, हवा हलती असली की पुरे. टोमॅटोचे परागकोश हलवावे लागतात. युरोपात ते काम भुंग्यांसारख्या बंबलबीकडून करून घेतात, आपल्याकडे दोरी-तारेला हलका धक्का दिला तरी चालतं. पॉलिहाऊसमधल्या काकडीच्या जाती मादी फुलांच्या आणि परागाविनाच फळणाऱ्या असतात. तिथे मधमाशी आली तर उलट फळं बेडौल होऊ शकतात.

एकाच वाफ्यात पुन्हा मिरची, पुन्हा टोमॅटो असं चाललं की सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, वाढतात. पीक संपल्यावर रोपं कापून टाकू नका, मुळासकट उपटा आणि मुळं धुऊन बघा. मुळाच्या अंगातच गाठी सुजलेल्या दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. घेवड्याच्या मुळांवरच्या उपयोगी गाठी बाजूने चिकटल्यासारख्या असतात आणि नखाने सुटतात, या सुटत नाहीत. अशा वेळी एप्रिल-मेमध्ये वाफे भुसभुशीत करून पाणी द्यावं, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते. त्यावर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक कागद मातीला चिकटेल असा ताणून कडा मातीने दाबाव्यात. काळा कागद नको, तो स्वतःच तापतो आणि ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही. चार ते सहा आठवडे बाजूचे पडदेही बंद ठेवावेत. कागद काढल्यावर वाफा खोल खणू नये. ही उष्णता वरच्या १५-२० सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचते, आणि फावडं त्याखाली गेलं की जिवंत सूत्रकृमी पुन्हा रोपाच्या मुळांशी येतात.